अडलेल्या गाडीचा हिशोब

मोटारीच्या विम्याचे नूतनीकरण करताना मूळ हप्त्याखाली काही जास्तीच्या संरक्षणांची यादी येते. त्यात बहुधा एक ओळ 'रोडसाइड असिस्टन्स'ची असते. गाडी वाटेत बंद पडली तर आम्ही मदत पाठवू, त्याचे वर्षाला इतके इतके रुपये. रक्कम मूळ हप्त्याच्या मानाने किरकोळ असते, त्यामुळे तिच्यावर कोणी फारसा विचार करत नाही. काहीजण "असू दे, उगाच विषाची परीक्षा कशाला" म्हणून होकार देतात. काहीजण "वीस वर्षे गाडी चालवतोय, एकदाही अडली नाही" म्हणून नकार देतात. दोन्ही उत्तरे ठाम आहेत आणि दोन्हींमध्ये हिशोब नाही.

हा हिशोब अवघड नाही. राज्य मंडळाच्या २०१८ साली आलेल्या दहावीच्या गणिताच्या पुस्तकात 'अर्थनियोजन' आणि 'संभाव्यता' ही प्रकरणे एकापाठोपाठ आहेत. पण पहिल्यात जीएसटी आणि शेअर्स, दुसऱ्यात नाणी, फासे आणि पत्ते, अशी त्यांची वाट वेगवेगळी होते. खरे तर पैसा आणि संभाव्यता यांची गाठ आपल्या घरात रोज पडत असते. अडलेली गाडी हे त्याचे एक सोपे उदाहरण आहे. ते घेऊन विम्यामागचा विचार समजून घेऊ या.

आपण नेमके काय विकत घेतो?

आधी एक फरक लक्षात घेतला पाहिजे. मोटारीचा सर्वसमावेशक विमा अपघात, चोरी, आग, पूर अशा कारणांनी झालेले नुकसान भरून देतो. सकाळी बॅटरी उतरली, रस्त्यात टायर पंक्चर झाला, किल्ली आत राहून दार लागले, घाटात क्लच प्लेट गेली, तर हे 'नुकसान' त्या विम्यात बसत नाही. मदत योजना याच गोष्टींसाठी असते. साधारणपणे तिच्यात पुढील कामे येतात : बॅटरी उतरली असल्यास दुसऱ्या बॅटरीने गाडी चालू करून देणे, स्टेपनी बसवून देणे, इंधन संपल्यास चारपाच लिटर आणून देणे (इंधनाचे पैसे आपलेच), जागेवर होण्यासारखी लहान दुरुस्ती, आणि तसे जमले नाही तर गाडी टोचन करून जवळच्या गॅरेजपर्यंत नेणे. नवी बॅटरी, नवा टायर, सुटे भाग यांचा खर्च तिच्यात धरलेला नसतो. म्हणजे ही योजना दुरुस्तीचा खर्च देत नाही. ती माणूस आणि वाहन आपल्यापर्यंत आणते. हा मुद्दा पुढे फार महत्त्वाचा ठरणार आहे.

पहिली पायरी : सरासरी

आता आकडे घेऊ. पुढचे आकडे आम्ही केवळ रीत दाखवण्यासाठी धरले आहेत. ते कोणाचे दरपत्रक नव्हे. वाचकांनी त्यांच्या जागी स्वतःचे आकडे घालावेत.

समजा, योजनेचे वर्षाचे शुल्क ६०० रुपये आहे. समजा, एका वर्षात पंक्चरमुळे रस्त्यात थांबावे लागण्याची संभाव्यता १/३ आहे आणि योजना नसेल तर चाक बदलून घ्यायला ३०० रुपये पडतात. बॅटरी उतरण्याची संभाव्यता १/८ आणि मेकॅनिक बोलावण्याचा खर्च ४०० रुपये. गाडी लांबवरून टोचन करून आणावी लागण्याची संभाव्यता १/४०, म्हणजे सरासरीने चाळीस वर्षांत एकदा, आणि त्याचा खर्च ६,००० रुपये.

प्रत्येक घटनेची संभाव्यता आणि तिचा खर्च यांचा गुणाकार करू :

पंक्चर : १/३ × ३०० = १०० रुपये
बॅटरी : १/८ × ४०० = ५० रुपये
टोचन : १/४० × ६,००० = १५० रुपये

बेरीज ३०० रुपये. हिला गणितात 'अपेक्षित मूल्य' म्हणतात. नाव थोडे फसवे आहे, कारण कोणत्याही एका वर्षी नेमके ३०० रुपये खर्च होतील अशी अपेक्षा कोणीच करणार नाही. कधी शून्य, कधी ३००, क्वचित ६,०००. पण अनेक वर्षांची सरासरी काढली तर ती ३०० रुपयांच्या आसपास येईल. आपण मात्र ६०० रुपये भरणार आहोत. म्हणजे निव्वळ पैशाच्या हिशोबात हा व्यवहार तोट्याचा दिसतो.

विकणाऱ्याचे गणित

मग कंपनी आपल्याला लुबाडते आहे का? तसेही नाही. सरासरीइतकेच शुल्क घेऊन कोणालाच असा धंदा करता येणार नाही. रात्री दोन वाजता फोन उचलणारा माणूस, उभ्या असलेल्या गाड्या, चालकांचे पगार, विक्रीचे कमिशन, कर आणि नफा हे सारे त्या ६०० रुपयांतूनच निघायचे असते. शिवाय ज्यांच्या गाड्या जुन्या आहेत, जे लांबचे प्रवास करतात, तेच अशी योजना अधिक उत्साहाने घेतात. त्यामुळे योजना घेणाऱ्यांच्या गाड्या सर्वसाधारण गाड्यांपेक्षा जास्त वेळा अडतात. हे लक्षात घेऊन दर आणखी चढा ठेवावा लागतो. थोडक्यात, विम्याची किंमत सरासरी नुकसानीपेक्षा जास्त असणे हा अपवाद नसून नियम आहे.

कंपनीला ही जोखीम पेलते कशी? याचे उत्तर याकोब बर्नुली या स्विस गणितज्ञाने दिले. त्याच्या मृत्यूनंतर १७१३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात 'मोठ्या संख्यांचा नियम' सिद्ध केलेला आहे. एका गाडीचे पुढच्या वर्षी काय होईल हे कोणी सांगू शकत नाही. पण कंपनीकडे १०,००० गाड्या असतील आणि प्रत्येकीची टोचनाची संभाव्यता १/४० असेल, तर सुमारे २५० गाड्या टोचन कराव्या लागतील. आणि प्रमाण विचलन काढले तर ते १६ च्या जवळ येते, म्हणजे बहुतेक वर्षी हा आकडा २२० ते २८० च्या दरम्यान राहील. जी गोष्ट आपल्यासाठी नशीब आहे, ती कंपनीसाठी जवळजवळ वेळापत्रक आहे.

अट एकच : घटना परस्परांपासून स्वतंत्र असाव्यात. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा हजारो गाड्या एकाच वेळी पाण्यात अडकल्या. अशा दिवशी सरासरी कामाची नसते, आणि मदतीची गाडीही त्याच पाण्यात अडकते.

मग विमा घ्यावाच कशाला?

विमा सरासरीने तोट्याचा असेल, तर शहाण्या माणसाने तो कधीच घेऊ नये असे म्हणावे लागेल. ते तर उघडच चूक आहे. ही अडचण सोडवली याकोबचा पुतण्या डॅनियल बर्नुली याने, १७३८ साली पीटर्सबर्गच्या अकादमीने छापलेल्या एका निबंधात.

त्यातले एक उदाहरण आजही वर्गात सांगण्यासारखे आहे. पीटर्सबर्गच्या एका व्यापाऱ्याने ॲम्स्टरडॅममध्ये माल घेतला आहे. तो सुखरूप पोहोचला तर १०,००० रुबलला विकला जाईल. पण त्या ऋतूत शंभरांपैकी पाच जहाजे बुडतात, आणि विम्यासाठी ८०० रुबलपेक्षा कमी कोणी मागत नाही. सरासरी नुकसान ५०० रुबल, भाव ८००. व्यापाऱ्याने काय करावे?

बर्नुलीचे उत्तर असे की, ते त्या व्यापाऱ्याजवळ आणखी किती पैसे आहेत यावर अवलंबून आहे. शंभर रुपयांचे महत्त्व सर्वांना सारखे नसते. ज्याच्याजवळ दोनशेच आहेत त्याचे शंभर गेले तर अर्धे जग गेले. ज्याच्याजवळ दोन लाख आहेत त्याला ते जाणवतही नाहीत. बर्नुलीने गृहीत धरले की, वाढीव रकमेची उपयोगिता आधीच्या संपत्तीच्या व्यस्त प्रमाणात असते. यावरून उपयोगिता ही संपत्तीच्या लॉगरिथमनुसार बदलते असे निघते. या रीतीने त्याने हिशोब केला : व्यापाऱ्याजवळ या मालाखेरीज ५,०४३ रुबलपेक्षा कमी असतील तर विमा घ्यावा, जास्त असतील तर घेऊ नये. उलट, ज्याला असा विमा विकायचा आहे त्याच्याजवळ निदान १४,२४३ रुबल असले पाहिजेत. म्हणजे एकच करार घेणाऱ्याला आणि देणाऱ्यालाही फायद्याचा ठरू शकतो, कारण दोघांचे खिसे वेगळे आहेत.

हीच रीत आपल्या टोचनाला लावून पाहू. आपल्या उदाहरणात शुल्क सरासरीच्या दुप्पट आहे, म्हणून १५० रुपयांच्या टोचनाच्या जोखमीला आपण ३०० रुपये देतो असे धरू. बर्नुलीच्या सूत्रात ही संख्या घातली, तर ज्याच्या गाठीशी सुमारे ७,४०० रुपयांहून कमी आहेत त्यानेच हा विमा घ्यावा, असे उत्तर येते. (अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी लॉगरिथम वापरून हे जरूर पडताळावे.) मोटार बाळगणाऱ्या बहुतेक कुटुंबांकडे अडीनडीला याहून जास्त रक्कम असते. सहा हजारांचा फटका बसला तर महिनाभर हात आखडता घ्यावा लागेल, पण घर कोलमडणार नाही.

आता याच्या शेजारी तृतीय पक्ष विमा ठेवून बघा. आपल्या गाडीने कोणाचा जीव गेला तर दावा न्यायाधिकरण किती भरपाई ठरवेल याला वरची मर्यादा नाही. ती रक्कम नोकरदाराच्या आयुष्यभराच्या बचतीहून मोठी असू शकते. अशा विम्याची किंमत सरासरीहून जास्त असली तरी तो घेणेच शहाणपणाचे. आणि ज्याचा बळी जातो त्याच्या कुटुंबाला भरपाई मिळावी म्हणून १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने तो सक्तीचाही केला आहे.

यातून एक साधा नियम हाती लागतो : जे नुकसान आपल्याला झोपवू शकते, त्याचा विमा घ्यावा, जे आपण पचवू शकतो, त्याचा विमा आपणच आपला उतरवावा. त्यासाठी दर वर्षी ते ६०० रुपये वेगळ्या डब्यात किंवा खात्यात टाकत जावेत. गाडी अडली तर तिथून खर्च करावा, नाही अडली तर पैसे आपलेच.

पण मदत म्हणजे केवळ पैसा नव्हे

इथवर आल्यावर उत्तर 'नको' असे दिसते. पण आपण एक गोष्ट सोडून दिली आहे. ही योजना पैसे देत नाही, माणूस पाठवते, हे आपण सुरुवातीला पाहिले. डब्यातले सहा हजार रुपये आंबोलीच्या घाटात पावसातल्या रात्री गाडी ओढायला येत नाहीत. कोणाला फोन करायचा, तो येईल का, एकटाच टोचनवाला असेल तर तो किती मागेल, हे सारे त्या वेळी ठरवावे लागते.

या योजनांचा इतिहासही विम्याचा नसून सहकाराचा आहे. ब्रिटनमधली ऑटोमोबाइल असोसिएशन १९०५ साली निघाली ती पोलिसांच्या वेगमापनाच्या सापळ्यांची आगाऊ सूचना सभासदांना देण्यासाठी. जर्मनीतली 'आडाक' ही संघटना १९०३ मध्ये श्टुटगार्टला मोटारसायकलवाल्यांनी काढली. आज तिचे दोन कोटींहून अधिक सभासद आहेत. मुंबईतही वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन १९१९ पासून आहे. वाटेत अडलेल्याला मदत मिळावी ही गरज एकट्याने भागत नाही, म्हणून वाहनधारक एकत्र आले.

तेव्हा हिशोबात खर्चाच्या रकमेबरोबर त्या प्रसंगाचा त्रासही धरला पाहिजे. त्याला भाव कसा लावायचा? प्रश्न उलटा विचारावा. टोचनासाठी आपण ३०० रुपये देतो आणि संभाव्यता १/४० आहे. मग हा व्यवहार बरोबरीचा व्हायला त्या एका प्रसंगाची किंमत ३०० × ४० = १२,००० रुपये असायला हवी. त्यातले ६,००० टोचनाचे. उरलेले ६,००० त्रासाचे. म्हणजे स्वतःला असे विचारायचे : "ती वेळ आलीच, तर मदतीची व्यवस्था आधीच झालेली असावी यासाठी मी सहा हजार रुपये जास्त देईन का?"

या प्रश्नाला प्रत्येकाचे उत्तर वेगळे येईल, आणि तसेच यायला हवे. जी परिचारिका रात्रपाळी संपवून एकटी तीस किलोमीटर गाडी चालवत येते, ज्या घरात डायलिसिसचा रुग्ण आठवड्यातून दोनदा जिल्ह्याच्या गावी न्यावा लागतो, ज्याला स्वतःला चाक बदलणे शक्य नाही, त्यांचे उत्तर 'हो' असेल आणि ते हिशोबाला धरूनच असेल. ज्याची गाडी घर, शाळा आणि बाजार एवढ्याच वाटेवर फिरते आणि ज्याचा ओळखीचा मेकॅनिक हाकेच्या अंतरावर आहे, त्याचे उत्तर 'नाही' असेल, तेही बरोबर.

मात्र 'हो' म्हणण्यापूर्वी आणखी एक गुणाकार करावा. मदत खरोखर येण्याची संभाव्यता किती? चारांपैकी तीन वेळाच येणार असेल तर वरच्या १२,००० चे १६,००० होतात. म्हणून करारातल्या अटी वाचाव्यात : वर्षातून किती वेळा, किती किलोमीटरपर्यंत, कोणत्या भागात सेवा नाही, घरासमोर बंद पडलेली गाडी चालते का. नव्या गाडीबरोबर काही उत्पादक ठरावीक काळ अशी सेवा देतात. ती चालू असताना दुसरी घेतली तर एकाच गोष्टीचे दोनदा पैसे जातात. तसेच राष्ट्रीय महामार्गावर १०३३ या क्रमांकावर चोवीस तास मदत मागता येते, हेही लक्षात असावे.

संभाव्यता आपल्याही हातात असते

फाशाच्या गणितात १/६ हा आकडा बदलत नाही. गाडीच्या बाबतीत बदलतो. 'आडाक' दर वर्षी आपण मदत केलेल्या गाड्यांच्या बिघाडांची कारणे प्रसिद्ध करते. गेली कित्येक वर्षे पहिले कारण एकच आहे : बॅटरी. अलीकडच्या वर्षांत दर शंभर बिघाडांमागे चाळीसहून अधिक बॅटरीचे होते. जर्मनीत थंडी बॅटरीला छळते, आपल्याकडे उन्हाळा तिचे आयुष्य कमी करतो. पण धडा तोच. जे वारंवार बिघडते ते आधी तपासता येते. तीनचार वर्षांच्या बॅटरीची चाचणी, स्टेपनीतली हवा, जॅक आणि पाना गाडीत असल्याची खात्री, कूलंटची पातळी, आणि डिकीत जंपर केबल. एवढ्याने आपल्या तक्त्यातल्या पहिल्या दोन ओळी बऱ्याच लहान होतात. योजना घेतली तरी हे करावेच, कारण सर्वांत चांगली मदत म्हणजे जिची गरज पडत नाही ती.

दोन फसवे युक्तिवाद

आता "वीस वर्षांत एकदाही अडली नाही" याकडे पाहू. टोचनाची संभाव्यता दर वर्षी १/४० असेल, तर सलग वीस वर्षे ती वेळ न येण्याची संभाव्यता (३९/४०) चा विसावा घात, म्हणजे सुमारे ०.६० येते. दहांपैकी सहा जण असे म्हणू शकतील! तो त्यांच्या कौशल्याचा पुरावा नाही आणि पुढच्या वर्षाची हमीही नाही. उलट गाडी जुनी होत जाते तशी संभाव्यता वाढतही असेल.

दुसरा युक्तिवाद वर्षअखेरीचा : "पैसे भरले आणि उपयोग झाला नाही, फुकट गेले." निर्णय चांगला की वाईट हे तो घेताना हाती असलेल्या माहितीवरून ठरते, नंतर काय घडले यावरून नाही. पाऊस पडला नाही म्हणून छत्री बरोबर नेणे मूर्खपणाचे ठरत नाही.

वर्गासाठी

विद्यार्थ्यांना गावातल्या किंवा वस्तीतल्या निदान तीस वाहनधारकांना भेटायला सांगावे. मोटार कमी असल्यास दुचाकी आणि ट्रॅक्टरही घ्यावेत. प्रश्न चारच : गेल्या बारा महिन्यांत वाहन वाटेत किती वेळा अडले, कशामुळे, किती खर्च आला, मदत यायला किती वेळ लागला. त्यावरून कारणवार संभाव्यता आणि अपेक्षित मूल्य काढावे, आणि ते बाजारातल्या एखाद्या योजनेच्या शुल्काशी ताडून पाहावे. तीस ही संख्या लहान आहे. दोन गटांची उत्तरे किती वेगळी येतात ते फळ्यावर शेजारी मांडले, तर मोठ्या संख्यांचा नियम का हवा हे न सांगता कळेल.

नंतर हीच रीत पीक विम्याला लावावी. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री योजनेत खरिपाच्या अन्नधान्य आणि तेलबिया पिकांना शेतकऱ्याचा हिस्सा विमा रकमेच्या जास्तीत जास्त २ टक्के ठरला आणि त्यावरचा हप्ता सरकारने भरायचा. इथे नुकसान घर झोपवणारे आहे, आणि शेतकऱ्याने भरायची किंमत सरासरी नुकसानीहून कमी असू शकते. सूत्र तेच, पण उत्तर मोटारीच्या अगदी उलट का येते? आणि भरपाई वेळेवर न मिळण्याची संभाव्यता धरली तर ते उत्तर किती बदलते? शेतकरी कुटुंबांतल्या मुलांकडे या दुसऱ्या प्रश्नाचे आकडे शिक्षकांपेक्षा जास्त असतील. ते त्यांना मांडू द्यावेत.